एका बाईंनी सांगितले

झेरॉक्सकाकू कुणाच्याच सख्ख्या काकू नव्हत्या, पण समोरच्या हायस्कूलमधली आठशे-साडेआठशे पोरं त्यांना काकूच म्हणायची. त्यांची स्वतःची मुलगीसुद्धा दुकानात गर्दी असली की आईला "काकू, एक पेन द्या" असं म्हणून हसायची. दुकान लहानच होतं. दोन झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर, बाइंडिंगची भोकं पाडायचं यंत्र, आणि उरलेल्या जागेत काकू.

त्या दुपारी शाळा सुटायला तासभर होता. काकू मशीनचं झाकण उघडून आत अडकलेला कागद चिमटीने ओढत होत्या, इतक्यात काउंटरवर थाडकन दोन फायली पडल्या.

"ताई, या तुमच्याकडेच छापल्यात ना?"

इतिहासाच्या बाई होत्या. दहावीच्या वर्गशिक्षिका. एरवी येताना हसत यायच्या, आज कपाळावर आठ्या होत्या.

काकूंनी फडक्याला हात पुसले. "बाइंडिंग तर माझंच दिसतंय. का हो, पानं सुटली का?"

"पानं सुटली असती तर बरं झालं असतं. आत बघा."

काकूंनी वरची फाईल उघडली. 'बदलता बाजार'. खाली त्यांच्या लेकीचं नाव. त्यांना बरं वाटलं. पोरीने प्रकल्प केला होता आणि आईला दाखवलाही नव्हता. मग त्यांनी दुसरी फाईल उघडली. 'आमच्या रस्त्यावरची बंद झालेली अकरा दुकानं'. ही मात्र त्यांच्या चांगलीच ओळखीची होती. पुढच्या चौकातल्या घड्याळ दुरुस्तीवाल्याची मुलगी, जिला वर्गातली पोरं टिकटिक म्हणतात, तिची. पंधरा दिवसांपूर्वी काकूंनीच ती तीन दिवस बसून टाईप केली होती.

"अठरा पानं सारखी आहेत," बाई म्हणाल्या. "शब्दन् शब्द. दुकानांचा क्रम तेवढा मागेपुढे केलाय. तुमच्या मुलीने पंधरा तारखेला फाईल दिली, हिने सोळाला. आता कोणी कुणाचं उचललं, हे सांगायला ज्योतिषी नको."

काकूंनी पान उलटल्यासारखं केलं.

"शिवाय," बाईंनी बोट ठेवलं, "यात तुमचाच मजकूर आहे. वरच्या मजल्यावरच्या टायपिंग क्लासचा. तुम्ही शिकवत होता ना तिथे? ही माहिती तुमच्या घरातच असणार. घड्याळवाल्याच्या मुलीला कुठून कळणार? ती इथे येते-जाते, फाईल कॉम्प्युटरवर पडलेली असते, घेतली असेल. गेल्या वर्षीही गणिताच्या चाचणीत तिच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली होती. तिची होती की नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही म्हणा."

"ती काय म्हणते?"

"दोघीही म्हणतात, माझंच. उद्या अकरा वाजता सरांच्या केबिनमध्ये बसायचंय. जी खोटी ठरेल तिला पन्नासपैकी शून्य, आणि दाखल्यावर शेरा. तो शेरा आला की चांगल्या कॉलेजात कोण उभं करतं? म्हणून म्हटलं, एकदा खात्री करून घ्यावी. तुमच्याकडे कोणती आधी आली, तेवढं लिहून द्या."

लिहून देणं सोपं होतं. कॉम्प्युटरवर तारीख होती. काउंटरखालच्या खणात टिकटिकची हाताने लिहिलेली एकतीस पानंसुद्धा होती, रबर लावून ठेवलेली. टायपिंगला आलेले कागद काकू महिनाभर सांभाळून ठेवायच्या. तो खण त्यांच्या गुडघ्याला लागत होता.

"बघावं लागेल," त्या म्हणाल्या. "एवढ्या फायली येतात. उद्या सांगते."

"सांगा. आणि दोन्हींच्या दोन-दोन प्रती काढून ठेवा, सरांना लागतील. शाळा सुटल्यावर नेते."

बाई गेल्या. काकूंनी मशीन सुरू केलं, फाईल सोडवली आणि एकेक पान काचेवर ठेवायला लागल्या. हाताला सवय होती, त्यामुळे डोळे वाचायला मोकळे राहिले.

टिकटिक ही माहिती घ्यायला आली ती दुपार त्यांना आठवली. मुलगी काउंटरला टेकून उभी होती, हातात वही. "काकू, तुमच्या वर पूर्वी काय होतं?" एवढंच विचारलं होतं तिने. मग गप्प राहिली होती. दुसरं कुणी असतं तर मध्येच काहीतरी बोललं असतं. ही नुसती थांबली, आणि काकू बोलत गेल्या. बावीस टाईपरायटर. सहा वर्षं शिकवलं. कॉम्प्युटर आले तसे विद्यार्थी गळाले. शेवटच्या दिवशी भंगारवाला आला आणि मशिनं वजनावर गेली. त्यातलं एक त्यांना टाईप केलेल्या एका ओळीवरूनही ओळखू आलं असतं, कारण त्याचं 'र' अक्षर ओळीच्या जरा वर उठायचं. त्या खाली आल्या, रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या, आणि हातगाडी वळेपर्यंत तिथेच थांबल्या. हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. विषयच निघाला नव्हता.

टिकटिकने ते जसंच्या तसं लिहिलं होतं. 'आता ज्या झेरॉक्सचं दुकान चालवतात त्या काकू म्हणाल्या,' अशी सुरुवात करून.

लेकीच्या फाईलमध्येही ते होतं. भंगारवाला, वजन, वर उठणारं 'र', हातगाडी, सगळं. फक्त सुरुवात बदलली होती. 'सदर वर्गात शिकवणाऱ्या एका बाईंनी सांगितले.'

काकूंनी ते पान काचेवर ठेवलं, पण बटण दाबायचं राहून गेलं. एका बाईंनी. पोटच्या पोरीने आईला एक बाई करून टाकलं होतं, आणि ते इतक्या शिताफीने की इतिहासाच्या बाईंना वाटलं, पोरगी नियमाप्रमाणे तटस्थ लिहितेय.

हे कधी झालं असेल तेही त्यांच्या ध्यानात आलं. चौदा तारखेला त्या दुपारी बँकेत गेल्या होत्या. लेक दुकानात बसली होती. "काही घाई नको करू आई, मी बघते," म्हणाली होती.

शाळेची घंटा झाली आणि पाच मिनिटांत दुकानापुढे झुंबड उडाली. कुणाला नकाशा हवा, कुणाला ओळखपत्र लॅमिनेट करायचं. त्या गर्दीतून दप्तर छातीशी धरून टिकटिक पुढे घुसली. चेहरा पांढराफटक.

"काकू, माझी हाताने लिहिलेली पानं आहेत ना तुमच्याकडे? तुम्ही म्हणाला होतात, नेतेस का, मी म्हटलं राहू द्या. ती द्या ना. मला उद्या दाखवायचीयेत."

काकूंनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांना दिसलं की पोरांच्या मागे, दुकानाच्या पायरीजवळ, त्यांची लेक उभी आहे. तिने सगळं ऐकलं होतं. ती आईकडे टक लावून बघत होती, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"ती होय," काकू म्हणाल्या. "अगं, रद्दीत गेली असतील बघ. परवाच खण साफ केला."

त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. गुडघा खणाला चिकटलेला होता.

टिकटिक म्हणाली, "नीट बघता का काकू? रबर लावलेलं होतं. लाल."

"बघते. सापडलं तर सांगते."

ती मागे वळली आणि गर्दीतून बाहेर पडताना काकूंच्या लेकीला तिचा खांदा लागला. दोघींपैकी कुणीच "सॉरी" म्हटलं नाही.

इतिहासाच्या बाई येऊन प्रती घेऊन गेल्या. गर्दी पांगली. काकूंनी शटर अर्धं खाली ओढलं, तसं दुकानात एकदम अंधारून आलं.

"ये आत."

लेक आत आली आणि कागदांच्या गठ्ठ्यावर बसली. दप्तर काढलं नाही.

"मी तुला खोटं बोल म्हणाले नव्हते," तिने आधीच सुरुवात केली.

"नव्हतीस म्हणाली. मग मी कुणासाठी बोलले?"

"मला काय माहीत."

"चौदा तारखेला घेतलंस ना? मी बँकेत गेले तेव्हा?"

लेकीने मान खाली घातली, तेच उत्तर होतं. काकू तिच्यापुढे उभ्या राहिल्या. त्यांना ओरडायचं होतं, पण शटरबाहेर माणसं ये-जा करत होती, त्यामुळे जे निघालं ते घशातल्या घशात निघालं. "का गं? का? एवढं काय अडलं होतं?"

"मी गेले होते," लेक म्हणाली. "खरंच गेले होते आई. त्या छत्रीवाल्या आजोबांकडे गेले, ते म्हणाले, नंतर ये. दुसरीकडे गेले तर ते म्हणाले, कशाला हवंय, कुणी पाठवलंय तुला. मला परत जायची लाज वाटली. आणि त्याच आजोबांनी तिला दीड तास सांगितलं. तिला कसं सांगतात सगळे? ती काही विचारतसुद्धा नाही धड."

"म्हणून तिचं उचलायचं?"

"तू पण देतेस की!"

काकू थबकल्या.

"काय देते मी?"

लेकीने कॉम्प्युटरकडे बोट केलं. "ते 'जुने प्रकल्प' काय आहे मग? पोरं येतात, म्हणतात, काकू, गेल्या वर्षीचा पर्यावरणाचा काढा, नाव तेवढं बदला. तू बदलतेस. माझ्यासमोर बदलतेस. कालच त्या नववीच्या दोघांना दिलास. ते कुणाचं तरी असतंच ना? का आपोआप उगवतं मशीनमधून?"

आजवर काकूंनी त्याकडे छपाई म्हणूनच पाहिलं होतं. लग्नपत्रिकेचा नमुना असतो, अर्जाचा नमुना असतो, तसा प्रकल्पाचा नमुना. पोरं मागायची, त्या द्यायच्या. वर्षानुवर्षं फायली साठत गेल्या आणि त्यांनी त्यांना एक कप्पा करून दिला, एवढंच. पण आता त्या कप्प्याचं नाव लेकीच्या तोंडून ऐकताना त्यांचे कान तापले.

"ते माझं चुकलं," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याचं मी बघेन. पण त्या पोरांनी कुणाला चोर नाही ठरवलं. उद्या तिच्या दाखल्यावर शेरा येणार आहे, तुझ्यामुळे."

"मला वाटलं नव्हतं एवढं होईल. ती म्हणाली होती ती फाईल बदलणारेय, अजून दोन दुकानं घालणारेय. मला वाटलं, बाई काय, सगळ्या फायली थोड्याच वाचतात."

"मग पकडल्यावर का नाही सांगितलंस?"

"बाई म्हणाल्या, मला माहीतच आहे तू नाही केलंस. सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या. मग मी काय बोलणार?"

मशीनचा पंखा घरघरत होता.

"ते टायपिंग क्लासचं," काकूंनी विचारलं, "ते वाचलंस का, की नुसतंच उचललंस?"

"वाचलं."

"मग?"

"मला माहीतच नव्हतं." लेकीने पहिल्यांदा वर बघितलं. "ते गाळणार होते मी. तुझं होतं म्हणून. पण नाही गाळता आलं. सगळ्यात चांगलं तेच होतं."

काकूंना त्या वाक्याचं काय करावं ते कळेना. त्यांनी शटर वर केलं, कारण बाहेर कुणीतरी टकटक करत होतं आणि त्याला आधार कार्डाच्या चार प्रती हव्या होत्या.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. ते क्रेन चालवायचे, काम दुसऱ्या गावी, महिन्यातून दोनदा घरी. काकूंनी सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ यंत्रांचा आवाज येत राहिला.

"तू कशाला मध्ये पडतेस?" ते म्हणाले. "म्हण, आठवत नाही. कॉम्प्युटर बिघडला म्हण. दोघींना अर्धे-अर्धे मार्क देतील आणि मिटवतील. पोरीच्या दाखल्याचा प्रश्न आहे."

"पोरगी तीसुद्धा आहे कुणाची तरी."

"तिचा बाप बघेल तिचं."

काकूंनी फोन ठेवला. नवऱ्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. दुपारी त्या स्वतः तेच तर बोलल्या होत्या, वेगळ्या शब्दांत.

सकाळी लेक वेणी घालत असताना त्यांनी खणातली एकतीस पानं टेबलावर तिच्यापुढे ठेवली. लाल रबरासकट.

"मी अकराला हे घेऊन येणार," त्या म्हणाल्या. "त्याआधी चार तास आहेत. तू बाईंना जाऊन सांगितलंस, तर मी नुसती कागद द्यायला आले असं होईल. नाही सांगितलंस तर मला सांगावं लागेल. मी फिरवून फिरवून सांगणार नाही."

लेकीचे हात वेणीतच थांबले. आरशातूनच ती म्हणाली, "तू माझी आई आहेस का तिची?"

काकूंनी पानं परत पिशवीत घातली. या प्रश्नाची त्यांनी रात्रीपासून वाट बघितली होती, तरी उत्तर तयार झालं नव्हतं. "डबा विसरू नकोस," एवढंच त्या म्हणाल्या.

अकराला पाच कमी असताना त्या मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर पोचल्या. दार उघडंच होतं. सरांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली वेळापत्रक. एका बाजूला टिकटिक आणि तिचे वडील, डोळ्याला भिंग लावून लावून उजव्या भुवईखाली कायमचा गोल वण पडलेला माणूस. दुसऱ्या बाजूला लेक. मधोमध इतिहासाच्या बाई. काकू आत आल्या तसं लेकीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर टेबलाच्या काचेवर खिळवली. त्यावरून काकूंना कळलं. चार तासांत तिने सांगितलं नव्हतं.

"या," सर म्हणाले. "तुमची जागा जरा अवघडच आहे. तुम्ही आईही आणि साक्षीदारही. पण दोन्ही फायली तुमच्याकडेच तयार झाल्या, त्यामुळे विचारण्याशिवाय इलाज नाही. कोणती आधी आली?"

काकूंच्या मांडीवर पिशवी होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेक गणवेशाच्या बाहीचं सुटलेलं सूत बोटाला गुंडाळत होती, बोटाचं टोक लालबुंद होईपर्यंत. एक शब्द बोल, काकू मनात म्हणत होत्या. एकच. मी थांबते. त्या खरोखरच थांबल्या, इतक्या की बाईंना वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही.

"ताई, सरांनी विचारलं, आधी कोणती—"

"ऐकलं मी."

त्यांनी पिशवीतून पानं काढली आणि काचेवर ठेवली.

"ही तिच्या हातची आहेत," त्या टिकटिककडे बघून म्हणाल्या. "नऊ तारखेला मला टायपिंगला दिली. नऊ, दहा, अकरा, तीन दिवस मी टाईप केलं. कॉम्प्युटरवर तारखा आहेत, कोणीही येऊन बघावं. माझ्या मुलीने चौदाला तीच फाईल उघडून आपल्या नावाने छापली. मी दुकानात नव्हते."

सरांनी पहिलं पान उचललं. तिरकं, बारीक अक्षर, मध्ये मध्ये खोडलेलं, समासात बाण काढून घातलेली वाक्यं. त्यांनी चार पानं बघितली आणि चष्मा काढला.

"हे खरं आहे का?" त्यांनी लेकीला विचारलं.

"हो," ती म्हणाली. आवाज इतका लहान होता की सरांना ओठांवरून वाचावं लागलं.

इतिहासाच्या बाईंचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. त्या टिकटिककडे वळल्या. "मी तुला... मला वाटलं की..." आणि मग त्यांनी एवढंच म्हटलं, "माझं चुकलं गं. वर्गातही सांगेन मी."

टिकटिकने मान हलवली. पण ती बाईंकडे बघतच नव्हती. ती काकूंकडे बघत होती.

"काकू, काल तुम्ही म्हणालात रद्दीत गेली."

काकूंना वाटलं होतं, कागद दिले की हे आपोआप भरून निघेल. तसं काही झालं नाही.

"खोटं बोलले मी," त्या म्हणाल्या. "पानं पायाशीच होती. सर, हेही लिहून घ्या. आणि हेसुद्धा, की माझ्या कॉम्प्युटरवर जुन्या प्रकल्पांचा कप्पा आहे. पोरं मागतात, मी नाव बदलून देते. माझी मुलगी हे रोज बघते. ती ज्या घरात शिकली ते घर माझं आहे."

घड्याळवाले खाकरले. "ताई, मला भांडायचं नाही. पण काल घरी आल्यावर ही म्हणाली, बाबा, आता मी कुणाला काही विचारायला जाणार नाही. एवढंच सांगायचं होतं." आणि ते उठले. मुलीने एकतीस पानं उचलून घेतली, मोजली, आणि दोघं गेले.

सरांनी निकाल दिला तो असा. काकूंच्या लेकीच्या फाईलला शून्य. दाखल्यावर शेरा आत्ता नाही, पण पुन्हा असं घडलं तर तो येणारच. तीन आठवड्यांत नवा प्रकल्प, विषय स्वतःचा, हाताने लिहायचा, आणि ज्यांच्याशी बोलली त्यांच्या नावांची यादी शेवटी जोडायची. "आणि तुम्ही," ते काकूंना म्हणाले, "तो कप्पा..."

"आजच," काकू म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी तो कप्पा उघडला. एकशे त्रेचाळीस फायली निघाल्या. काहींवर पाच-पाच नावं बदलून गेली होती, मूळ लिहिणारं पोर कोण ते आता त्यांनाही सांगता येईना. सगळ्या पुसल्यावर कॉम्प्युटरने विचारलं, नक्की का? त्यांनी नक्की म्हणून दाबलं. दुसऱ्या दिवशीपासून पोरं कुरकुरायला लागली. "काकू, मग आता आम्ही करायचं काय?" "लिहायचं," काकू म्हणायच्या. दोन-चार जण कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानात जायला लागले. टिकटिकसुद्धा तिकडेच जाते असं काकूंच्या कानावर आलं. तिला प्रकल्प करायचे नसतील, नुसत्या प्रती काढायच्या असतील, तरी ती रस्ता ओलांडून तिकडे जायची. काकू दुकानातून बघायच्या आणि काही म्हणायच्या नाहीत. एकदा त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिची फाईल पुढे शाळांच्या प्रदर्शनात गेली आणि तिथे तिने स्वतः उभं राहून तासभर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, हे त्यांना इतिहासाच्या बाईंनी सांगितलं. निदान एवढं तरी बरं झालं.

घरात मात्र अबोला होता. लेक जेवायची, ताट उचलायची, दार ओढून घ्यायची. "मीठ दे" आणि "चावी कुठाय" यापलीकडे पहिले आठ दिवस शब्द नाही. काकूंनीही मनधरणी केली नाही. त्यांना भीती वाटायची, की एकदा समजूत काढायला बसलो तर आपण माफी मागून मोकळ्या होऊ, आणि ज्याची मागायला नको त्याचीच मागू.

मग एका सकाळी त्या सहाला उठल्या तर लेकीचं अंथरूण रिकामं. त्या घाबरल्या, चपला शोधायला लागल्या, तोच ती दारात आली. बूट चिखलाने भरलेले, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"कुठे गेली होतीस?"

"कामाला," लेक म्हणाली आणि न्हाणीघरात शिरली.

असं तीन-चारदा झालं. काकूंनी विचारलं नाही. एकदा बूट धुताना त्यांना तळाला लोखंडाचा गंज लागलेला दिसला. तेव्हा त्यांनी ओळखलं, की पोरगी टाकीकडे जाते, जिथे पाण्याचे चावीवाले पहाटे मोठाल्या लोखंडी चावीने एकेका रस्त्याचं पाणी सोडतात.

तीन आठवड्यांनी, शाळा सुटल्यावर, लेक दुकानात आली आणि स्टुलावर बसली. एक गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत थांबली.

"मार्क मिळाले," ती म्हणाली.

"किती?"

"बावीस."

"पंचवीसपैकी?" काकूंचा चेहरा उजळला.

"पन्नासपैकी."

काकूंनी ओठ घट्ट दाबून धरले. लेकीच्या ते लक्षात आलं. ती आईकडे बघत राहिली आणि मग तिलाच हसू फुटलं, बऱ्याच दिवसांनी, नाकातून, आवरता आवरता. "हसू नकोस ना! बाई म्हणाल्या, माहिती कमी आहे आणि वाक्यं फार लांब आहेत."

"बघू दे तरी."

"नको. अक्षर घाण आहे."

पण फाईल तिने दप्तरात परत घातली नाही. काउंटरवर ठेवली आणि हात धुवायला मागे गेली, आणि नळ बराच वेळ चालू राहिला. काकूंनी चष्मा लावला. पहिल्या पानावर पेनाने लिहिलं होतं: 'चावीवाले काका पहिल्या दिवशी मला म्हणाले, जा घरी. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आता आलीच आहेस तर ही चावी धर, जड आहे.'

काकू उभ्याउभ्याच पुढचं पान वाचायला लागल्या. काउंटरपलीकडून कुणीतरी दोनदा "काकू, पाठपोट काढायचंय" म्हणालं, तरी त्यांना ते ऐकू आलं नाही.